गृहपाठ कोणाच्या घरचा?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने तिसरी-चौथीच्या वह्यांवर काय बोलायचं? पण विषय आमच्याकडे चालत आला, तो असा.

मध्यंतरी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेच्या पालक सभेला आम्हाला बोलावलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस. सभेला पालक थोडे आणि आज्या-आजोबाच जास्त, कारण आईबाप ऊसतोडीला गेलेले. भाषणं झाली, चहा झाला, आणि एक आजी नातीचं प्रगतिपुस्तक घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, हे ब-एक म्हंजी पास का नापास?’’ आम्ही म्हटलं, ‘‘आजी, चांगलं आहे की. आणि आता लहान वर्गात कोणी नापास होत नाही.’’ त्यावर आजी म्हणाली, ‘‘मग हे खाली काय लिवलंय?’’ खाली लिहिलं होतं, ‘गृहपाठ अपूर्ण असतो. पालकांनी लक्ष द्यावे.’ आम्ही ते वाचून दाखवलं. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘लक्ष देतेच की. पण मला वाचता कुठं येतंय?’’

आम्ही तिला काहीतरी समजुतीचं बोललो, पण ते उत्तर नव्हतं. परतीच्या एसटीत ते टोचत राहिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या आजीला उशिरा दिलेलं उत्तर समजा. त्यासाठी थोडं मागे, जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, कोणाच्या पडवीत भरायच्या. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, मग बोरूने कित्ता, मग मोडी, आणि पाढे. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. पंतोजींना मोबदला बराचसा धान्यात आणि सणावारी मिळणाऱ्या शिध्यात. या शाळेत गृहपाठ होता का? शब्द नव्हता, गोष्ट होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांनी ओसरीवर बसून मोठ्याने पाढे म्हणायचे, तिथी-वार-नक्षत्रं म्हणायची. त्याला परवचा म्हणत. आजोबा जपमाळ ओढता ओढता ऐकायचे आणि चूक झाली की तिथेच थांबवायचे.

आता इथे नीट बघा. परवचा चालायचा, कारण ऐकणाऱ्या आजोबांना पाढे येत होते. पंतोजींकडे जाणारी मुलं प्रामुख्याने कुळकर्ण्याची, जोशाची, वाण्या-सावकाराची. लिहिणं आणि हिशेब हा त्यांच्या घरचाच धंदा. शाळा आणि घर एकच काम दोन ठिकाणी करत होते. गुण नव्हते, श्रेणी नव्हती, प्रगतिपुस्तकही नव्हतं, कारण मुलाला काय येतं ते घराला रोज संध्याकाळी ऐकूच येत होतं. ज्याच्या घरी परवचा ऐकणारं कोणी नव्हतं, ते मूल मुळात पंतोजींच्या ओवरीपर्यंत पोहोचतच नव्हतं. म्हणून प्रश्न दिसत नव्हता, एवढंच.

तो प्रश्न पहिल्यांदा दिसला तो, ज्यांच्या घरात अक्षर नाही अशी मुलं शाळेत येऊ लागली तेव्हा. आणि या गोष्टीत आपलं नगर बऱ्यापैकी पुढे आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. १८३९ मध्ये सिंथिया फॅरार बाई मुंबईहून इथे आल्या आणि १८६२ मध्ये वारल्या तोपर्यंत इथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर ही शाळा बघायला आले होते, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं काही शिक्षण फॅरार बाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

या शाळांत आलेल्या मुलींच्या घरून शिक्षक कसली अपेक्षा ठेवणार? आईला अक्षर येत नाही, आजीला येत नाही, आणि मुलगी शिकते म्हणून शेजारीपाजारी नाकं मुरडताहेत. मूल शाळेत आलं हेच घराने केलेलं मोठं काम होतं. बाकीचं सगळं शाळेने शाळेत करायचं. आणि परीक्षा? ती असायची, पण वेगळी. पुण्यात फुल्यांच्या मुलींच्या शाळांची १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर परीक्षा झाली. गावातली प्रतिष्ठित मंडळी बसलेली आणि मुली सर्वांसमोर वाचून दाखवताहेत. त्या दिवशी परीक्षा नेमकी कोणाची होती? मुलींची होतीच, पण त्याहून जास्त शाळेची होती, आणि मुली शिकू शकत नाहीत असं म्हणणाऱ्या समाजाची तर होतीच होती. हे लक्षात ठेवा. परीक्षा म्हणजे शाळेने समाजाला दिलेला हिशेब, हा अर्थ आपल्याकडे एकेकाळी होता.

मग तो कसा बदलला? १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं. इयत्ता ठरल्या, प्रत्येक इयत्तेची पुस्तकं ठरली, तपासायला डेप्युटी आले. खेड्यातल्या तोंडी ते ‘दिपोटी’ झाले. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुमारास एक पद्धत निघाली होती, निकालावर अनुदान. ती मुंबई इलाख्यातही आली. अनुदानित शाळेत जितकी मुलं जितक्या विषयांत पास, त्या हिशेबाने पैसे. मुलाच्या गुणाला पहिल्यांदा रुपये-आण्यात किंमत आली. आता मास्तरांनी काय करावं? पास होईल अशा मुलावर लक्ष द्यावं, दिपोटी विचारतील तेवढंच घोकून घ्यावं. आणि ज्याच्या घरी घोकून घेणारं कोणी नाही, ते मूल शाळेच्या दृष्टीने तोट्याचं. मास्तर वाईट होते म्हणून असं झालं नाही. हिशेबाची रीतच तशी होती. १९०४ च्या कर्झनच्या ठरावाने ही रीत मोडीत काढायचं धोरण आलं. पण तोवर चाळीस वर्षं गेली, आणि गुण म्हणजे मुलाचं मोल ही सवय अंगवळणी पडली.

याच काळात, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. त्यात त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. आणि त्याच निवेदनात त्यांनी सांगितलं, की शेतकऱ्याची मुलं शाळेत येत नाहीत ती आळसाने नव्हे, तर घरच्या दारिद्र्यामुळे, कारण त्यांना गुरं राखायची असतात, शेत सांभाळायचं असतं. म्हणून शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, शेतकऱ्याच्या मुलांत मिसळतील असे शिक्षक तयार करा. बघा, जोतीराव घराकडे बोट दाखवत नाहीत. घर असं आहे हे गृहीत धरून शाळेने काय करावं, ते सांगतात. पाथर्डीच्या त्या शेऱ्यात आणि या निवेदनात नेमका हाच फरक आहे.

आता आमच्या काळात येतो. आम्ही शाळेत गेलो ती लोकल बोर्डाची शाळा. जिल्हा परिषदा १९६२ च्या महाराष्ट्र दिनाला आल्या, आम्ही त्याआधीचे. आधी बिगरी, मग पहिली. सातवीच्या परीक्षेला लोक अजून ‘फायनल’ म्हणत. फायनल झालेला माणूस शिक्षक होई, तलाठी होई. म्हणजे गुण हे घराला दारिद्र्यातून वर काढणारं दोर होते. आमच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण ते प्रगतिपुस्तक दोन्ही हातांनी धरायचे.

चौथीत असताना गुरुजींनी रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि पाच गणितं घरून आणायला सांगितली. घरात एकच चिमणी, ती स्वयंपाकाला. जेवणं उरकल्यावर ती आमच्या वाट्याला यायची, तोपर्यंत डोळे मिटलेले. वही अपुरी राहायची, हातावर छडी बसायची. सहामाहीला प्रगतिपुस्तक मिळालं, पालकांची सही आणायची होती. वडिलांनी अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगा हसला, आणि पुढच्या सहामाहीला आम्ही वडिलांची सही स्वतःच केली. गुरुजींना कळलं नाही. वडिलांना मात्र कळलं, कारण पुस्तक त्यांच्याकडे आलंच नव्हतं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘‘आमचा अंगठा नको झाला का?’’ मंडळी, पासष्ट वर्षं होतील, ते वाक्य आम्हाला पुसता आलेलं नाही. शाळेने मागितलेल्या एका सहीने बापलेकाच्या मध्ये काय आणून ठेवलं ते शाळेला माहीतही नव्हतं.

आमचा जिल्हा दोन तोंडांचा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या भागाचं नशीब पालटलं. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडा टापू. उत्तरेचा आणि इतर जिल्ह्यांचा ऊस तोडायला इथून आणि शेजारच्या बीडमधून माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या आसपास निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. म्हणजे पहिलं सत्र संपतं आणि घर उठतं. शाळेचं अख्खं दुसरं सत्र मुलाच्या आयुष्यातून जातं. मूल बरोबर गेलं, तर राहायला फडाजवळची कोपी. पहाटे अंधारात आईबाप फडात, आणि हे धाकट्या भावंडाला सांभाळणार, वाढे गोळा करणार. यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या. मागे राहणाऱ्यांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघाली. चांगली कामं झाली, अपुरी पडली. पण आपला प्रश्न एवढाच, की ‘गृहपाठ’ या शब्दातलं गृह या मुलाच्या बाबतीत कुठलं? गावचं कुलूप लावलेलं, की फडाकडेची कोपी, की वाचता न येणाऱ्या आजीचं?

आता कायद्याकडे वळू. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. मग २००९ चा शिक्षणहक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, आणि त्याचं मूल्यमापन सातत्याने व सर्वांगाने करायचं. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची रीत ठरवली. पालकांनी ही रीत एकदा समजून घ्यावी, म्हणून सांगतो.

मूल्यमापन दोन भागांत. वर्षभर शिकता शिकता होतं ते आकारिक, आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के वजन, संकलितला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकची साधनं आठ : रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. म्हणजे वहीतलं लेखी काम हे आठातलं एक, आणि तेही वर्गात करून घेता येतं. शेवटी श्रेणी. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशी ती खाली उतरत जाते. तेव्हा आजींच्या नातीचं ब-१ म्हणजे शंभरात सत्तरच्या वर. ते आम्ही त्यांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

या निर्णयाचा गाभा काय होता? मूल्यमापन घरातून आणि परीक्षेच्या तीन तासांतून काढून वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर आणायचं. फॅरार बाईंच्या आणि फुल्यांच्या शाळेत जे नाइलाजाने होत होतं, ते आता नियम म्हणून. पण झालं काय? वर्णनात्मक नोंदी करायच्या, तर एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आणि वर नाना कागद. मग नोंदींची छापील पुस्तकं बाजारात आली. ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे. प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी. तो काकाने बनवायचा, गुण पुतण्याला. आणि पालकांनी या सगळ्याला एक शब्द दिला, ढकलपास. करोनाच्या काळात तर अभ्यास मोबाइलवर आला, म्हणजे ज्याच्या घरी मोबाइल त्याचीच शाळा. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणाने सांगितलं, की दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. ते किती घरांना माहीत आहे? २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली.

इथे आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात, पालकच मागासलेले, त्यांना आकडे हवेत. हे आम्हाला मान्य नाही. आकडा का हवा असतो, ते गरिबाच्या बाजूने बघा. वर्णनात्मक नोंद ही शिक्षकाची साक्ष असते, आणि साक्ष देणारा आपल्या बाजूचा असेलच असा भरवसा या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. आकडा कोणाचाही असो, ७८ हे ७८ च. ते घेऊन दुसऱ्या शाळेच्या, वसतिगृहाच्या दारात उभं राहता येतं. आमच्या वडिलांनी दोन्ही हातांनी धरलं होतं ते आकड्यांचं पुस्तक. तेव्हा आकडे काढून टाकले की न्याय झाला, इतकं हे सोपं नाही.

पण आकडा कशाचा, हे मात्र तपासलं पाहिजे. आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की असेल तरच अनुमान खरं. आता हे अनुमान घ्या : ‘वही अपुरी आहे, म्हणून मूल अभ्यासात मागे आहे.’ व्याप्ती आहे का? वही अपुरी राहते चिमणी एकच असते म्हणून, भावंडाला सांभाळायचं असतं म्हणून, विचारायला कोणी नसतं म्हणून. आणि शेजारची वही पुरी असते, ती आईने पुरी केलेली असते म्हणून. असा हेतू व्यभिचारी, त्यातून काही सिद्ध होत नाही. त्या वहीवर दिलेला गुण घराला दिलेला असतो, आणि तो लिहिला जातो मुलाच्या नावावर. इथेच अन्याय आहे.

मग घरचा अभ्यास नकोच का? असं आम्ही म्हणणार नाही. सराव लागतो, पाढे म्हटल्याशिवाय येत नाहीत. आम्ही दोन साध्या कसोट्या सुचवतो. एक, दिलेलं काम मुलाला मोठ्यांच्या मदतीशिवाय, पैसे खर्च न करता, अर्ध्या तासात करता येईल का? नसेल, तर ते शाळेत करून घ्यावं. दोन, घरी केलेल्या कामावर शिक्षकांनी चूक दाखवावी, पुन्हा शिकवावं, पण श्रेणी ठरवताना ते मोजू नये. श्रेणी वर्गात जे दिसलं त्याचीच. आणि ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असं लिहिण्याआधी, शाळा स्वतः काय करणार आहे ते एक ओळ लिहावं. ‘मुलीला शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून वही पूर्ण करून घेऊ’ एवढं जरी लिहिलं, तरी १८५० मधला तो जुना अर्थ, शाळेने समाजाला द्यायचा हिशेब, परत येतो. असं करणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत, आम्ही पाहिले आहेत.

आणि घरांकडून अपेक्षा? ती आहेच. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. संध्याकाळी मुलीला म्हणावं, आज काय वाचलं ते मला वाचून दाखव. तिने चुकीचं वाचलं तर आजीला कळणार नाही, न कळू दे. ते शिक्षकांचं काम. पण कोणीतरी ऐकतंय हे मुलीला कळेल. परवच्यातला तेवढा भाग अंगठेबहाद्दर घरालाही जमतो. आमच्या वडिलांनी तो केला असता, आम्ही पुस्तक त्यांच्यापुढे नेलं असतं तर.

पुढच्या महिन्यात त्या गावी पुन्हा जायचं आहे. आजींना सांगणार आहोत, की नात हुशार आहे, शंभरात सत्तरच्या वर आहे, आणि खालचा तो शेरा तुमच्यासाठी नव्हता. तो आमच्यासाठी होता, शाळावाल्यांसाठी. चुकून तुमच्या घरी आला.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर विचारा, मंडळी.